राम न म्हणता रामायण, घोडा न काढता रिंगण

‘राम’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘रा’ला तोंड उघडतं, ‘म’ला ओठ मिटतात. आता अशी अट घाला, की ओठांना ओठ लागू द्यायचा नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं वर्ज्य. या अटीवर रामाची गोष्ट सांगायची. पहिल्या झटक्यात रामच गेला. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती म्हणा की हनुमान, दोन्ही नावं गेली. बिभीषण आणि कुंभकर्ण गेले. सीता राहिली. रावण राहिला, कारण ‘रावण’ म्हणताना ओठ मिटत नाहीत.

बारामतीत, कऱ्हेच्या काठी, अठराव्या शतकात एका माणसाने ही अट स्वतःला घातली आणि पार पाडली. मोरोपंत. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. तरुणपणी ते बारामतीला नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये बारामतीतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात. त्यांतलं एक हे निरोष्ठ रामायण. शाळेत आपल्याला मोरोपंत भेटतात ते आर्या आणि केकावलीपुरते. असल्या रचनांना समीक्षक ‘शब्दचमत्कृती’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि मला तो अन्याय वाटतो. रामाचा भक्त रामाचं नावच वर्ज्य करून रामायण लिहायला बसतो, ही काय साधी गोष्ट आहे? नाव काढून घेतलं तरी राम उरतो, अशी आतून खात्री असल्याशिवाय कोण हा घाट घालेल?

मोरोपंतांनंतर सव्वाशे वर्षं उलटली नाहीत तोच जगाच्या दुसऱ्या टोकाला चित्रकारांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. चित्रातून देव काढला, माणूस काढला, झाड, डोंगर, घर सगळं काढलं. फक्त रंग, रेष, आकार आणि पोत ठेवले. मग जे उरतं त्यात श्रद्धा मावेल का? माणसाच्या आयुष्यातला एखादा अवघड निर्णय मावेल का? याच चित्रकलेला आपण अमूर्त म्हणतो, आणि प्रदर्शनात तिच्यासमोर उभं राहिल्यावर बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘हे नक्की काय काढलंय?’

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारला की मला मनापासून आश्चर्य वाटतं. कारण रूपाशिवाय पाहायची इतकी जुनी सवय या मुलखाला आहे.

बांधावरचा म्हसोबा घ्या. नाक नाही, डोळे नाहीत, हात-पाय नाहीत. एक दगड आणि त्यावर तेलात कालवलेला शेंदूर. अशा अनघड देवाला आपल्याकडे तांदळा म्हणतात. धनगरांचा बिरोबा कित्येक ठिकाणी असाच असतो. समोर आलेला माणूस चप्पल काढतो, हात जोडतो, मुलीच्या लग्नाचं किंवा कोर्टातल्या वाटणीच्या दाव्याचं गाऱ्हाणं घालतो, कौल मागतो. ‘हे नक्की काय आहे’ असं तो विचारत नाही. शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत जातात. मूळ दगडाची कड बुजते, गोलाई वाढते, आणि त्या जाड कवचाखाली काय आहे हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही पाहिलेलं आठवत नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा असाच जाड शेंदूर २०२२ मध्ये काढण्यात आला आणि देवीचं आतलं रूप पुढे आलं. थर ठेवायचा की उतरवायचा, हा प्रश्न देवीच्या भक्तांसाठी केवळ डागडुजीचा राहत नाही. आणि पुढे सांगणार आहे त्या एका चित्रकाराचा तर आयुष्यभराचा धंदाच तो होता.

तांदळा दुरून डोळ्यांत भरतो त्यालाही कारण आहे. काळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि निळा रंग शेजारी-शेजारी ठेवले, तर बहुतेकांना लाल रंग पुढे आल्यासारखा आणि निळा मागे गेल्यासारखा दिसतो. दोन्ही एकाच कागदावर असतात, तरीही. डोळ्यातलं भिंग निळे किरण जास्त वाकवतं, लाल कमी. त्यामुळे दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमा जुळवताना मेंदू त्या रंगांना वेगवेगळ्या अंतरावर ठेवतो. काळ्या रानातला शेंदरी दगड आपल्याकडे चालून आल्यासारखा वाटतो तो अशा किमयेमुळे. अमूर्त चित्रकाराचं सगळं भांडवल हेच असतं. कोणता रंग पुढे येतो, कोणता मागे सरतो. धारदार कड कुठे नजर अडवते आणि विरलेली कड कुठे तिला आत जाऊ देते. वरच्या कोपऱ्यातला जड डाग खालच्या मोकळ्या जागेवर किती दाब देतो. गोष्ट सांगायला त्याच्याजवळ पात्रं नाहीत. पण हे दाब, ही ओढ, ही अंतरं डोळ्याला प्रत्यक्ष जाणवतात. ती कोणी समजावून सांगावी लागत नाहीत.

आता आषाढी वारीचे दिवस आठवा. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीला येते. तिथे परीट मंडळी रस्त्यावर पांढऱ्या धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या एकमेकींत मिसळून पळायला लागल्या की मेंढी अशी वेगळी दिसतच नाही. दिसतो तो करड्या-पांढऱ्या रंगाचा एक फिरता पट्टा. पुढे बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. मधोमध पालखी, भोवती माणसांची कडी. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात. मग घोडे सुटतात. त्यांतल्या एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते. तो देवाचा अश्व.

हजारो डोळे त्या रिकाम्या पाठीवर खिळलेले असतात. तिथे कोणी दिसत नाही, आणि तिथे तुकोबा बसलेत याबद्दल रिंगणातल्या कुणालाच शंका नसते. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. त्याच कपाळावर गोपीचंदनाच्या उभ्या रेषा आणि बुक्क्याचा काळा ठिपका असतो. वर्तुळ, रेषा, ठिपका आणि एक रिकामी जागा. पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी करत पालखी इंदापूरला पोचते, तिथे पुन्हा गोल रिंगण होतं, आणि मग सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालून वारी जिल्ह्याची हद्द ओलांडते. अमूर्त कला परदेशातून आली असं म्हणणाऱ्यांनी बेलवाडीच्या माळावर एक दुपार जरूर काढावी.

अर्थात कॅनव्हासवरची अमूर्त चित्रकला म्हणून जी चळवळ झाली ती युरोपातच झाली, हे नाकारायचं कारण नाही. मात्र तिच्या मुळाशी सजावटीची हौस नव्हती; अध्यात्माची तहान होती, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. स्वीडनची हिल्मा अफ क्लिंट १९०६ पासून ‘मंदिरासाठीची चित्रं’ रंगवत होती. अशी १९३ चित्रं झाली. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही जगाला दाखवू नयेत, अशी तिची इच्छा होती. आयुष्यभराचं काम स्वतःच बंद करून ठेवायचं, ते समजणारी माणसं अजून जन्मायची आहेत या विश्वासावर! १९१५ मध्ये मालेविच या चित्रकाराने पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा चौकोन टांगला, तो भिंतीवर नव्हे. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, छताला लागून. रशियन घरांत ती जागा देवाच्या तसबिरीची. पाहायला आलेल्या प्रत्येक रशियन माणसाला तो इशारा कळला असणार. आणि याच्याही पुढची गंमत म्हणजे त्या काळ्या रंगाखाली आणखी दोन चित्रं दडलेली आहेत. शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी क्ष-किरणांनी ती शोधून काढली. आपण ज्याला नुसता काळा चौकोन समजत होतो, तो दोन रंगीत चित्रं झाकून घेतलेला एक ठाम निर्णय निघाला.

श्रद्धेचं ठीक आहे, पण चित्रात निर्णय कसा दिसेल, हे मला तरी आपल्या दोन चित्रकारांकडे पाहिल्यावर कळलं.

पहिले सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होते. फाळणीनंतर त्यांची भावंडं पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. पंचविशीतला मुलगा, आई-वडील एका वर्षाच्या अंतराने वारलेले, भाऊ-बहीण सीमेपलीकडे, आणि हा मुंबईत एकटा. हा निर्णय काय तोलामोलाचा असेल, याची कल्पना आपण नुसती करू शकतो. १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले. तिथे नाव झालं, १९५६ मध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिलेच परदेशी चित्रकार. त्यांची निसर्गचित्रं विकली जात होती.

आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना सत्तरच्या दशकात त्यांना आतून टोचणी लागली, की या चित्रांत माझा देश कुठे आहे? ते पुनःपुन्हा भारतात येऊ लागले. अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान फिरले. आणि मग त्यांच्या कॅनव्हासवर एक काळं वर्तुळ येऊन बसलं. बिंदू. प्राथमिक शाळेत त्यांचं लक्ष लागत नसे, तेव्हा एका गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून ‘याच्याकडे बघत बस’ म्हणून सांगितलं होतं. तो ठिपका चाळीस-पन्नास वर्षांनी फ्रान्समध्ये परत आला. आयुष्याच्या उरलेल्या तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी मुख्यत्वे तोच रंगवला.

बिंदू म्हणजे फाळणीचं चित्र, असला सोपा अर्थ लावणं मला पटत नाही. पण पन्नाशी उलटलेला, पुरस्कार मिळालेला चित्रकार हातातली यशस्वी शैली सोडून एका ठिपक्यावर सगळं पणाला लावतो, तेव्हा तो ठिपकाच निर्णय असतो. जन्माने मुसलमान असलेल्या या माणसाने चित्रांना नावं दिली बिंदू, अंकुरण, कुंडलिनी. २०१० मध्ये ते कायमचे भारतात परतले, २०१६ मध्ये दिल्लीत वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

दुसरे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूरचा, घराणं गोव्याचं, जडणघडण मुंबईत, जे. जे.मध्ये. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. पण चित्रात यांपैकी कशाचंही चिन्ह नाही. ओम नाही, कमळ नाही, नावसुद्धा नाही. बहुतेक चित्रं शीर्षकाविना. त्यांच्या चित्रासमोर मी उभा राहतो तेव्हा थोड्या वेळाने माझा श्वास आपोआप संथ झालेला असतो. हे कसं घडतं याचा शोध घ्यायचा तर त्यांच्या हाताकडे पाहावं लागतं.

साठच्या दशकापासून त्यांनी ब्रश जवळपास बाजूला ठेवला आणि रोलर व रंगाची सुरी हाती घेतली. कॅनव्हासवर रंगाचा पातळ थर द्यायचा. ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले-कापलेले तुकडे ठेवायचे, त्यांवरून रोलर फिरवायचा, कागद उचलायचा. कुठे रंग बसतो, कुठे निघून येतो. मग वरून दुसरा थर. मग सुरीने खरवडून खालचा थर पुन्हा उजेडात आणायचा. इथे रसायनशास्त्र मध्ये येतं. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं असं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्याला दिवसचे दिवस लागतात. फार ओला असताना हात लावला तर सगळं फिसकटतं, फार वाळला तर सुरी चालत नाही. मधला जो थोडा अवधी असतो तेवढाच चित्रकाराचा. तो येईपर्यंत बसून राहायचं. गायतोंडे बसून राहत. वर्षाला पाच-सहा चित्रं म्हणजे त्यांच्या दृष्टीने भरपूर.

आता अडचण बघा. आंब्याचं चित्र काढणाऱ्याला चूक कळते, कारण समोर आंबा असतो. व्यक्तिचित्र जमलं की नाही हे घरातली माणसं सांगतात. गायतोंड्यांच्या कॅनव्हाससमोर असा कोणताच पंच नाही. हा पिवळा आणखी खरवडायचा की ठेवायचा, हे कुणाला विचारणार? चित्र पुरं झालं हे कशावरून ठरवणार? प्रत्येक वेळी निर्णय एकट्याने घ्यायचा, आधाराशिवाय, आणि खरवडलेला थर परत येत नाही हे माहीत असताना. माझ्या मते श्रद्धा या चित्रांत येते ती इथून. विषय म्हणून ती येत नाही. ती काम करायची रीत म्हणून येते. एकदा हे कळलं की त्यांच्या चित्रातल्या प्रत्येक पुसट जागेत दिसू लागतं, की इथे काहीतरी होतं, ते काढलं, आणि काढल्याची खूण मुद्दाम राहू दिली.

अशी खूण इंदापूर तालुक्याच्या भूगोलातच आहे. उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास भीमेचं पाणी फुगलं आणि काठची गावं त्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं. गाव वर सरकलं, नव्या जागी वसलं. धरण रिकामं होत आलं की मंदिर पुन्हा उघडं पडतं, लोक होड्यांतून, चिखलातून दर्शनाला जातात, वर्तमानपत्रांत पाण्यातून वर आलेल्या शिखराचे फोटो छापून येतात. फोटो सुंदर असतात. पण त्यांत मंदिर दिसतं. घर सोडायच्या आदल्या रात्री कुटुंबात जे घडलं असेल ते दिसत नाही. देवघरातले टाक कुठल्या पेटीत ठेवायचे, चुलीजवळची माती बरोबर घ्यायची का, म्हातारी उठायला तयार नाही तर काय करायचं. निर्णयाला चेहरा नसतो. त्याचं हुबेहूब चित्र काढायला गेलं की रडणारी बाई आणि बैलगाडी निघते, आणि निर्णय निसटतो. एका थरावर दुसरा थर, खालचा अर्धवट दिसणारा, वरचा अजून न स्थिरावलेला: हे अमूर्त चित्राला सांगता येतं. उजनीच्या काठचा कुणी मुलगा किंवा मुलगी हे चित्र काढेल, अशी मला फार आशा आहे.

मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहाच्या दालनात डोकवा. त्या संग्रहात रझाही आहेत आणि गायतोंडेही. त्यांच्यापैकी कुणाचं चित्र मांडलेलं असेल तर एकाच चित्रासमोर थांबा आणि कड शोधा: कुठली धारदार आहे, कुठली विरली आहे, कुठला रंग नंतर आलाय आणि कुठला आधीपासून खाली आहे.

आणि बारामती-इंदापूरच्या शाळांतल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत स्मरणचित्र म्हणून मुलं वारी काढतातच. पताका, टाळ, पांढऱ्या टोप्या, ठरलेली. यंदा पालखी पुढे गेली की त्याच आठवड्यात एक तास वेगळा द्या. विषय तोच, बेलवाडीचं रिंगण. अट एकच: घोडा काढायचा नाही, माणूस काढायचा नाही, पताकाही नाही. चित्रं झाली की ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका. ‘हा रंग इथेच का ठेवलास?’ असं विचारा, आणि मूल उत्तर देईपर्यंत थांबा.